रेगे आणि कॅमेरा (लेखांक ९) : मिटलेले डोळे

रंगमंचावरचा अपुरा उजेड कसा मोजायचा, ते या आठवड्यात सांगेन म्हटलं होतं. ते आता पुढच्या लेखांकात. कारण मिरजेच्या एका वाचकांनी विचारलेला प्रश्न त्याच्या आधी यायला हवा. ते लिहितात, "बॉब मार्लीचे गाजलेले फोटो चाळले. कितीतरी फोटोंत त्याचे डोळे मिटलेले आहेत. आम्हाला शिकवलंय की डोळे मिटले की फोटो बाद. मग हे फोटो निवडले कसे गेले?"

लग्नाच्या अल्बममध्ये तो नियम बरोबरच आहे. रेगेपुरता मी तो केव्हाच सोडून दिला. रास्ताफारी हा जमैकातला पंथ मानणारा गायक रंगात आला की समोरच्या गर्दीसाठी गात नाही, तो जाहसाठी गातो. जाह म्हणजे त्याचा देव. त्या घडीला त्याचे डोळे उघडण्याची वाट बघत बसलेला छायाचित्रकार त्याची प्रार्थना संपण्याची वाट बघत असतो.

ही प्रार्थना रेगेत आली ती ढोलांबरोबर. रास्तांचा न्याबिंगी मेळावा रात्र-रात्र चालतो आणि त्यात तीन प्रकारचे ढोल असतात. बेस सगळ्यात मोठा, जाड गुंडाळलेल्या टोकाच्या काठीने वाजवायचा; त्याचा आवाज कानाआधी पोटाला कळतो. फुंदे हाताने वाजतो, तेच दोन ठोके, न थकता, छातीतल्या ठोक्यांसारखे. रिपीटर सगळ्यात छोटा आणि चढ्या आवाजाचा. फुंदेवाला जागा सोडत नाही म्हणून रिपीटरला भटकायची मोकळीक मिळते. मला स्वतःला फुंदेवाल्याचा फोटो काढायला सगळ्यात जास्त आवडतं. तासाभराने त्याच्या चेहऱ्यावर जी शांतता येते ती मुख्य गायकाच्याही चेहऱ्यावर क्वचित दिसते.

हे ढोल पहिल्यांदा लोकप्रिय तबकडीवर आले ते १९६० च्या सुमारास. प्रिन्स बस्टर या निर्मात्याने काउंट ऑसी या रास्ता ढोलवादकाला आणि त्याच्या साथीदारांना पूर्व किंग्स्टनच्या टेकडीवरून स्टुडिओत आणलं आणि फोक्स ब्रदर्सचं 'ओह कॅरोलायना' ध्वनिमुद्रित केलं. आज हे साधं वाटतं. तेव्हा जमैकातला प्रतिष्ठित समाज रास्तांना दारात उभं करत नव्हता. पोलीस त्यांना पकडून त्यांच्या जटा कापत. १९६३ साली कोरल गार्डन्स इथे रास्ता आणि पोलिसांत झालेल्या चकमकीनंतर तर दिसेल त्या रास्ताची धरपकड झाली, कित्येकांना मारहाण झाली. सरकारने त्याबद्दल माफी मागितली ती २०१७ साली.

एवढं सोसलेल्या माणसांना अनोळखी माणसाने तोंडासमोर कॅमेरा धरलेला खपत नाही, यात नवल नाही. म्हणून ज्येष्ठ रास्ता वादकाकडे मी आधी कॅमेरा पिशवीत ठेवून जातो. बसतो, बोलतो, मग विचारतो. तो नाही म्हणाला, तर विषय तिथेच संपला. छायाचित्रकार डेनिस मॉरिसची गोष्ट या बाबतीत मला फार मोलाची वाटते. १९७३ साली लंडनच्या स्पीकईझी क्लबबाहेर शाळा बुडवून हा पोरगा मार्लीची वाट बघत उभा होता. मार्ली आला, पोराने फोटोसाठी विचारलं, आणि मार्लीने त्याला आत तर बोलावलंच, वर दौऱ्याच्या गाडीतही घेतलं. मॉरिसच्या फोटोंत मार्ली इतका मोकळा दिसतो, त्याचं निम्मं श्रेय मी त्या विचारण्याला देतो.

मार्ली स्वतः या पंथाकडे वळला त्यात एका दिवसाचा वाटा मोठा आहे. २१ एप्रिल १९६६ रोजी इथिओपियाचे सम्राट हेले सेलासी, ज्यांना रास्ता जाहचंच रूप मानतात, किंग्स्टनच्या विमानतळावर उतरले. ढोल वाजवत आलेली गर्दी थेट विमानापर्यंत घुसली. सम्राट बराच वेळ बाहेरच येईनात. शेवटी मॉर्टिमर प्लानो या रास्ता ज्येष्ठाने वर जाऊन लोकांना बाजूला व्हायला सांगितलं. मार्ली तेव्हा अमेरिकेत होता, पण त्याची पत्नी रीटा त्या गर्दीत होती. पुढे हाच प्लानो मार्लीचा मार्गदर्शक झाला.

आता कॅमेऱ्याकडे येतो, पण ठेक्याच्या वाटेने. रेगेचा 'वन ड्रॉप' ठेका असा असतो : एक, दोन, तीन, चार मोजा. दोनवर आणि चारवर गिटारचा तुटक झटका. बास ड्रमचा ठोका मात्र फक्त तीनवर, आणि एक मोकळाच. समेवर वजन पडण्याची सवय असलेल्या आपल्या कानाला सुरुवातीला पायरी चुकल्यासारखं होतं. मार्लीचा ड्रमवादक कार्लटन बॅरेट हा ठेका असा काही वाजवायचा की सगळा वाद्यवृंद त्या तीनवर ओठंगून उभा आहे असं वाटावं. माझ्या कानाला त्यात फुंदेचाच संयम ऐकू येतो. गाणाऱ्याचं शरीर त्या तीनवर खाली बसतं, मान झटकली जाते आणि जटा उडतात.

उडणाऱ्या जटा गोठवायच्या तर १/५०० सेकंद लागतो, असं सगळे सांगतात. पण जटा वर जाऊन परत फिरतात त्या टोकाला क्षणभर जवळजवळ स्थिर असतात. तो क्षण साधला तर १/१२५ लासुद्धा त्या स्वच्छ येतात. तीन दर दीड-दोन सेकंदांनी येतोच. तीन ऐकून बटण दाबलं तर उशीर होतो. ठेका अंगात भिनवून घ्यायचा आणि बोटाने आधीच निघायचं.

१/५०० वरून १/१२५ वर आलो की उजेडाचे दोन स्टॉप हाती लागतात. ते मी आयएसओ उतरवण्यात घालवत नाही, अॅपर्चर बंद करण्यात घालवतो, एफ/२ वरून एफ/४ वर. कारण मार्लीच्या अनेक मैफलींत मागच्या पडद्यावर हेले सेलासींचं मोठं चित्र असे, आणि आजही कितीतरी रेगे गायकांच्या मागे ते असतं. ८५ मिलिमीटरची लेन्स एफ/२ वर उघडी टाकली की सम्राटांचा नुसता धब्बा होतो. १९७६ च्या 'रास्तामॅन व्हायब्रेशन'मधल्या 'वॉर' या गाण्याचे जवळजवळ सगळे शब्द सेलासींनी १९६३ साली संयुक्त राष्ट्रांत केलेल्या भाषणातले आहेत. ते गाणं म्हणणाऱ्याच्या मागे ज्याचे शब्द आहेत त्याचाच चेहरा पुसला गेला, तर तो फोटो कितीही देखणा असो, मी तो अर्धवट मानतो. पार्श्वभूमी विरघळवण्याच्या हल्लीच्या हौसेने रेगेच्या फोटोंचं फार नुकसान केलं आहे.

तेव्हा मिरजकरांना उत्तर हे : डोळे मिटू द्या, मान कुठे जाते ते बघा, आणि मागचा पडदा सोडू नका.

पुढच्या आठवड्यात उजेडाचं मोजमाप नक्की घेऊ. लाल-हिरव्या दिव्यांखाली सावळ्या-काळ्या त्वचेचा पोत राखण्यासाठी मीटर कुठे धरायचा, त्यासकट. तोवर काउंट ऑसीचा 'ग्राउनेशन' हा १९७३ चा तीन तबकड्यांचा संच मिळवून ऐका, आणि ऐकताना फक्त फुंदेवर लक्ष ठेवा.