एस.टी.ला मोडीचीच वाट का?

बार्शीटाकळीच्या कालंकादेवीच्या देवळात बाराव्या शतकातील शिलालेख आहे. आठशे वर्षांपूर्वीचा हा पुरावा आपण जपतो. पण याच गावच्या मुलांना अकोल्याला शिकावयास नेणारी जुनी एस.टी. कशी होती, हे नव्या पिढीला कोठे दाखवणार?

१ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली बस पुणे-नगर मार्गावर धावली. ती बेडफर्ड बनावटीची, लाकडी बांधणीची होती. पुढे लाकूड जाऊन अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे आले.

१ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांहून जुन्या सरकारी वाहनांची नोंदणी पुढे चालू राहत नाही. परिवहन महामंडळांच्या गाड्याही त्यातच आल्या. प्रवाशांच्या सुरक्षिततेसाठी ते योग्यच होय. पन्नास वर्षांवरील वाहनांना २०२१ साली स्वतंत्र नोंदणीची सवलत मिळाली, ती मात्र दुचाकी व खाजगी मोटारींपुरती. म्हणजे हौशी धनिकाची मोटार हा वारसा आणि सर्वांची बस हे भंगार!

जुनी बस पुन्हा उभी करणे म्हणजे केवळ रंगरंगोटी नव्हे. पत्रे उतरवून सांगाडा तपासावा लागतो, गंजलेला भाग कापून नवा जोडावा लागतो. बाजारात न मिळणारे सुटे भाग लेथवर घडवावे लागतात. दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा येथील एस.टी.च्या कार्यशाळांनी बसबांधणीचे हे कसब जोपासले. ते जाणणारे हात निवृत्त होण्यापूर्वी प्रत्येक कार्यशाळेने एक तरी जुनी गाडी प्रदर्शनासाठी दुरुस्त करून ठेवावी. दगड शतकानुशतके वाट पाहतो. पत्रा पाहत नाही.