मुंबई ते मॉरिशस : सहा तासांची वाट

नकाशावर मुंबईपासून मॉरिशसपर्यंत रेघ ओढून पाहा. ती जवळजवळ सरळ दक्षिणेला उतरते, जराशी पश्चिमेकडे कलून. हवेतून हे अंतर भरते सुमारे ४,७०० किलोमीटर, म्हणजे मुंबई-दिल्लीच्या चौपट. थेट विमानाला साधारण सहा तास लागतात.

आता घड्याळाची गंमत पाहा. सकाळी सहाला मुंबईहून निघालेले विमान तिथे उतरते तेव्हा आपल्या मनगटावर बारा वाजलेले असतात, आणि तिथल्या भिंतीवर साडेदहा! जाताना साडेचार तासांचा वाटणारा प्रवास परतताना साडेसात तासांचा होतो. यातला एक तास सूर्याचा. दोन्ही ठिकाणांमध्ये पंधरा रेखांशांचे अंतर आहे. उरलेला अर्धा तास बहुतांशी आपणच मिर्झापूरकडून उसना घेतलेला. आपली प्रमाणवेळ तिथल्या रेखांशाची, मुंबईच्या सूर्याची नव्हे. शिवाय मुंबई विषुववृत्ताच्या उत्तरेला १९ अंशांवर, तर हे बेट दक्षिणेला २० अंशांवर. त्यामुळे आपण दिवाळीत थंडीची वाट पाहतो, तेव्हा तिथे उन्हाळा जवळ आलेला असतो.

हीच वाट एके काळी शिडाच्या जहाजांनी काटावी लागे, आणि तिला आठवडेच्या आठवडे लागत. १८३४ पासून पुढच्या काही दशकांत सुमारे साडेचार लाख हिंदी मजूर उसाच्या मळ्यांसाठी या बेटावर नेले गेले. बहुतेक कलकत्त्याहून गेले, काही मद्रासहून, आणि काही आपल्या मुंबईहून. त्यांत कोकणातली माणसे बरीच. इंग्रजी ‘ॲग्रीमेंट’चे त्यांच्या तोंडी ‘गिरमिट’ झाले. मराठीतले गिरमिट लाकडाला भोक पाडते. दोन्ही शब्दांचे मूळ निरनिराळे आहे खरे, पण भाषेच्या मास्तराला हा योगायोग चुकवता येत नाही. पोर्ट लुई बंदरात उतरल्यावर सोळा पायऱ्या चढायच्या की करार सुरू. तो घाट, आजचा आप्रवासी घाट, २००६ साली जागतिक वारसा ठरला.

करार पाच वर्षांचा असे. काही जण परतले. पुष्कळांची परतीची वाट मात्र राहूनच गेली. त्यांच्या वंशजांच्या घरी आज बोलणे क्रिओल भाषेत चालते. पण गणेशचतुर्थीला बेटावर सार्वजनिक सुट्टी असते, मुलांना शाळेत मराठी शिकता येते, आणि कोकणातली जाखडी तिथे ‘झाकरी’ या नावाने अजून नाचली जाते.

मोका येथील महात्मा गांधी संस्थेत त्या मजुरांच्या नोंदवह्या जपून ठेवल्या आहेत. पणजोबांचे गाव शोधायचे, तर सुरुवात तिथून. अडचण एवढीच, की गावांची नावे कारकुनांनी कानाला लागतील तशी रोमन अक्षरांत उतरवलेली. सहा तासांत मुंबई गाठता येते. पुढे रत्नागिरीच्या वाटेवर एस. टी.च्या कंडक्टरकडे तिकीट मागायचे, तर ते कोणत्या गावाचे?