संदेष्टा आणि सत्ताधीश

स्नानसंस्काराद्वारे प्रत्येक ख्रिस्ती व्यक्तीला प्रभू येशूच्या संदेष्टेपणात सहभाग लाभतो. संदेष्टा म्हणजे केवळ भविष्य वर्तविणारा नव्हे, तर देवाचा शब्द निर्भयपणे सांगणारा. मग राजकीय नेत्यांशी त्याचे नाते कसे असावे?

अहाब राजाच्या दरबारी सुमारे ४०० संदेष्टे होते. राजाला रुचेल तेच ते बोलत. एकट्या मीखायाने सत्य सांगितले व बंदिवास पत्करला (१ राजे २२). नाथानाचे दावीद राजाकडे जाणे-येणे होते. तरीही उरीयाच्या हत्येनंतर त्याने गरिबाच्या मेंढीचा दाखला देऊन राजाला त्याचा अपराध दाखवून दिला (२ शमुवेल १२). त्याने राजाशी नाते तोडले नाही आणि त्या नात्यापायी मौनही पाळले नाही.

एल साल्वादोर देशातील आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांनी हाच मार्ग अनुसरला. मार्च १९७७ मध्ये त्यांचे स्नेही फादर रुतिलिओ ग्रांदे यांची हत्या झाली. तिचा तपास होईपर्यंत शासकीय समारंभांस उपस्थित न राहण्याचा निर्णय त्यांनी घेतला. ऑक्टोबर १९७९ मधील सत्तापालटानंतर नव्या शासनाने सुधारणांचे आश्वासन दिले, तेव्हा त्यांनी त्याला संधी दिली. दडपशाही थांबेना, तेव्हा स्पष्ट शब्दांत निषेध केला. सशस्त्र डाव्या गटांच्या हिंसेलाही त्यांनी विरोध केला. २३ मार्च १९८० रोजी त्यांनी सैनिकांना निरपराधांची हत्या थांबविण्याचे आवाहन केले. दुसऱ्याच दिवशी मिस्साबलिदान अर्पण करीत असताना त्यांना गोळी घालण्यात आली. १४ ऑक्टोबर २०१८ रोजी पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संत म्हणून घोषित केले.

ख्रिस्तसभा कोणत्याही राजकीय व्यवस्थेशी बांधलेली नाही, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने शिकविले आहे. म्हणूनच धर्मगुरूंनी पक्षीय राजकारणात सक्रिय भाग घेऊ नये, असा सर्वसाधारण नियम आहे. प्रापंचिकांनी मात्र राजकारणात उतरून समाजाची सेवा करणे हे त्यांचे पाचारण आहे. परंतु पक्षनिष्ठा ही विवेकबुद्धीहून मोठी ठरू नये.

निवडणुकीच्या काळात नेते आपल्या धर्मग्रामातही येतात. त्यांचे आदराने स्वागत करावे, त्यांच्यासाठी प्रार्थना करावी; संत पौलानेही अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करण्यास सांगितले आहे (१ तीमथ्य २). मात्र केवळ आपल्या चर्चला काय मिळेल, एवढेच विचारून थांबलो, तर आपणही त्या ४०० जणांत जाऊन बसू. ज्याची मेंढी हिरावली गेली, त्या गरिबाचे काय, हा प्रश्न कोणीतरी विचारलाच पाहिजे.