बायांच्या हिशेबातले अण्णा

धोंडो केशव कर्वे यांचं ‘आत्मवृत्त’ १९१५ सालचं आणि आनंदीबाई कर्वे यांचं ‘माझे पुराण’ १९४४ सालचं. ही दोन पुस्तकं मी वर्षानुवर्षं शेजारी शेजारी ठेवून वाचत आले आहे. एखादा प्रसंग नवऱ्याच्या पुस्तकात वाचायचा आणि मग तोच बायकोच्या पुस्तकात हुडकायचा. कधी तो सापडतो, कधी सापडत नाही. कधी सापडतो आणि ओळखूच येत नाही. महर्षी कर्वे हे अवघ्या महाराष्ट्राचे लाडके आजोबा. पण त्यांच्या घरात ते कसे होते हे समजून घ्यायचं तर आनंदीबाईंच्या, म्हणजे बायांच्या, या पुराणाला पर्याय नाही, असं माझं मत दर वाचनागणिक पक्कं होत गेलं आहे.

अण्णांच्या, म्हणजे महर्षी कर्व्यांच्या, आयुष्याचे टप्पे वाचकांना पाठ असतील. १८ एप्रिल १८५८चा जन्म, मुरूडचं बालपण, परीक्षेसाठी भर पावसात घाट चढून केलेली साताऱ्याची पायपीट आणि वय कमी दिसतं म्हणून तिथून मिळालेली माघार, एल्फिन्स्टनची पदवी, १८९१मध्ये फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताची प्राध्यापकी. त्याच वर्षी पहिली पत्नी राधाबाई वारली. मुलगा रघुनाथ तेव्हा नऊ वर्षांचा होता. इथपर्यंत भरभर यायला हरकत नाही, कारण माझ्या विषयाला खरी सुरुवात होते ती ११ मार्च १८९३ रोजी. त्या दिवशी पुण्यात पस्तिशीला आलेल्या अण्णांनी गोदूबाईंशी लग्न केलं.

गोदूबाई म्हणजे अण्णांचे स्नेही नरहरपंत जोशी यांची बहीण. आठव्या वर्षी लग्न झालं आणि काही महिन्यांतच वैधव्य आलं. पुढची उमेदीची वर्षं कोकणातल्या सासरी राबण्यात गेली. नरहरपंतांचं आणि अण्णांचं मुंबईतलं बिऱ्हाड एकत्र होतं. तिथे त्या भावाकडे आल्या आणि १८८९मध्ये पंडिता रमाबाईंनी शारदासदन काढलं तेव्हा सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी झाल्या. लग्नात आनंदीबाई हे नाव मिळालं, पण घरीदारी सगळे त्यांना ‘बाया’च म्हणत. अण्णांची कीर्ती या लग्नापासून सुरू होते असं आपण समजतो. मला मात्र वाटतं की त्या दिवशी अण्णांपेक्षा मोठी उडी बायांनी घेतली होती. अण्णांकडे नोकरी होती, मित्र होते, सुधारकांचं पुणं पाठीशी होतं. बायांकडे सदनातलं चार वर्षांचं शिक्षण होतं आणि स्वतःचा पीळ होता.

मुरूडकरांनी बहिष्कार घातला. अण्णांना घरात घेतलं तर सगळं घर वाळीत टाकू, अशी धमकी आई आणि भावाला मिळाली. याच गावासाठी अण्णांनी मुंबईत असताना पदरमोड करून फंड उभारला होता. ‘आत्मवृत्ता’त हा सगळा भाग ज्या शांतपणे येतो तो वाचून मी थक्क होते. कुणावर ठपका नाही, कुठे कढ नाही. गणिताचा मास्तर पायऱ्या मांडत जावा तशी हकिगत पुढे सरकते. देणग्यांचे आकडे मात्र मनापासून दिलेले आहेत.

१८९६मध्ये अण्णांचा विधवांसाठीचा अनाथ बालिकाश्रम निघाला. प्लेगमुळे तो पुण्याबाहेर हलवावा लागला आणि १९००मध्ये हिंगण्याच्या माळावर झोपडी उभी राहिली. जमीन दिली रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी, सहा एकर, आणि सोबत साडेसातशे रुपये. दिवसभर महाविद्यालयात शिकवायचं आणि संध्याकाळी चिखल तुडवत हिंगण्याला जायचं, हा अण्णांचा क्रम आपण शाळेच्या पुस्तकात वाचलेला आहे.

शाळेच्या पुस्तकात जे नाही ते असं. ज्या बाईशी पुनर्विवाह करून अण्णांनी वनवास पत्करला, तिलाच आश्रमात जागा नव्हती. आश्रमाला पैसा आणि मुली मिळायच्या त्या मध्यमवर्गीय, बऱ्याचशा सनातनी घरांतून. विधवांना शिकवणं त्यांना हळूहळू पटू लागलं होतं, विधवांची लग्नं पटत नव्हती. तेव्हा अण्णांनी पुनर्विवाहाचं काम आश्रमापासून कटाक्षाने दूर ठेवलं. पुनर्विवाहित बायांचा वावर तिथे दिसला असता तर लोक मुली काढून घेऊन गेले असते, अशी भीती होती. ती खोटी होती असं मी म्हणणार नाही. पण त्या धोरणाची किंमत एकट्या बायांकडून वसूल झाली.

आणि इथे त्यांच्या धाकट्या बहिणीची, पार्वतीबाई आठवले यांची गोष्ट येते. त्याही विधवा. केशवपन केलेल्या, पुनर्विवाह न केलेल्या, म्हणून समाजाला चालणाऱ्या. त्या आश्रमाच्या आधारस्तंभ झाल्या, निधी गोळा करत फिरल्या, १९१८मध्ये अमेरिकेला गेल्या आणि तिथे लोकांच्या घरची कामं करून राहिल्या. १९२८मध्ये त्यांचं ‘माझी कहाणी’ आलं. बाया तेवढ्याच कष्टाळू, जिभेने जरा अधिक तिखट. एकाच घरातल्या दोन बहिणी, एक संस्थेच्या आत आणि दुसरी उंबऱ्याबाहेर. या दोघींवर कुणी स्वतंत्र ग्रंथ लिहावा अशी माझी मनापासूनची इच्छा आहे.

सगळ्यात मोठं भांडण पैशांवरून झालं. अण्णांनी स्वतःच्या आयुर्विम्याची पॉलिसी आश्रमाच्या नावे करून टाकली. पदरात मुलं, आप्तांचा आधार तुटलेला, गावाकडचं दार बंद. उद्या काही बरंवाईट झालं तर पोरांनी खायचं काय, हा बायांचा प्रश्न होता. अण्णांच्या चरित्रकारांना हा त्याग वाटला आणि तो त्याग होताच. पण त्यागात दिलेली वस्तू कुणाकुणाची होती, हेही विचारायला हवं. आठव्या वर्षापासून निराधारपण भोगलेल्या बाईला विम्याचं मोल अण्णांपेक्षा जास्त कळत होतं. १९०८मध्ये अण्णांनी निष्काम कर्ममठ काढला, आयुष्य संस्थेला वाहण्याची प्रतिज्ञा घेणाऱ्यांसाठी. घरातला किराणा त्या प्रतिज्ञेनंतरही रोज लागतच होता आणि तो भागवायचं काम बायांकडे होतं.

अण्णांचे पुढचे उद्योग तोंडात बोट घालायला लावणारे आहेत. १९१६मध्ये महिला विद्यापीठ, १९२०मध्ये विठ्ठलदास ठाकरसी यांची पंधरा लाखांची देणगी, सत्तरी ओलांडल्यावर युरोप, अमेरिका, जपान आणि मग आफ्रिका. बर्लिनला आइनस्टाइनची भेट झाली. सून इरावती जर्मनीला शिकायला निघाली तेव्हा अण्णांचा त्याला विरोध होता. मुलगा दिनकरराव यांनी बायकोची बाजू घेतली आणि ती १९२८मध्ये गेली. स्त्रीशिक्षणासाठी जन्म वेचलेल्या माणसाचा हा विरोध मला अजून उलगडलेला नाही. मुलाने तो मानला नाही, याचा मात्र आनंद वाटतो.

मुलं सगळी आपापल्या वाटेने गेली. शंकरराव डॉक्टर होऊन आफ्रिकेत, दिनकरराव रसायनशास्त्रात आणि फर्ग्युसनमध्ये, भास्करराव हिंगण्याच्या कामात. आणि रघुनाथ. १९२१मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र, त्या मतांपायी विल्सन कॉलेजातली नोकरी गेली, १९२७पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक, अश्लीलतेचे खटले. १९३४च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. बापाने बहिष्कार सोसून जे कमावलं त्याचा खरा वारस हाच मुलगा, असं मी मानते. तो ऑक्टोबर १९५३मध्ये गेला. बाया त्याआधी, १९५०मध्ये गेल्या. पंचाण्णव वर्षांचे अण्णा मागे उरले. दीर्घायुष्याला आपण आशीर्वाद म्हणतो, पण त्यात थोरल्या लेकाचा मृत्यू पाहणंही येतं.

१८ एप्रिल १९५८ला शंभरी भरली. ब्रेबर्न स्टेडियमवर नेहरूंच्या उपस्थितीत सत्कार झाला, टपाल तिकीट निघालं, त्याच वर्षी भारतरत्न मिळालं. तो सोहळा बायांना लाभला नाही. इरावतीबाईंनी सासऱ्यांवर लिहिलेला लेख मात्र या सगळ्या हारतुऱ्यांहून मोलाचा आहे. अशा माणसाची सून असण्याचा अभिमान वाटतो, पण आपण त्याची बायको नव्हतो हे बरं झालं, अशा आशयाचं त्या लिहून गेल्या. सासूचं दुःख सुनेने इतक्या स्वच्छपणे ओळखावं, हे त्या घराचं मोठेपण. ‘माझे पुराण’ही दुसऱ्या सुनेच्या, कावेरीबाईंच्या हातून छापलं गेलं, आणि तेही अण्णांच्या हयातीत.

९ नोव्हेंबर १९६२ला अण्णा गेले. पुढच्याच वर्षी दिनकररावांनी संपादित केलेलं ‘द न्यू ब्राह्मन्स’ हे इंग्रजी पुस्तक कॅलिफोर्नियाच्या विद्यापीठाने छापलं. त्यात वडिलांची कहाणी आहे, आईची आहे आणि इरावतीबाईंचा तो लेखही आहे. वडील जाऊन वर्ष झालं होतं, देशभर त्यांचं गुणगान चालू होतं, आणि मुलाने आईची तक्रार वडिलांच्या आत्मकथेसोबत एकाच बांधणीत जगापुढे ठेवली.