शब्दकोशातून निघालेली वाट

ओझरच्या मुलांना विमानाचं फारसं नवल नसतं. हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना तिथे १९६४ पासून आहे. मिग, सुखोई डोक्यावरून गेली, तरी खेळातली पोरं मान वर करतीलच असं नाही! आता असा कारखाना उभारायचा, तर सरकारची तिजोरी लागते. पण याच नाशिक जिल्ह्यात, शहराच्या पलीकडच्या अंगाला, त्र्यंबक रस्त्यावर महिरावणी नावाचं गाव आहे. तिथल्या एका मुलाने शब्दकोशाच्या जोरावर उद्योग उभा केला. त्याचं नाव सुनील खांडबहाले.

घर शेतकऱ्याचं, शाळा मराठी. दहावीपर्यंत सारं ठीक चाललं. पुढे अभियांत्रिकीच्या पदविकेला गेला आणि पंचाईत झाली. सगळं इंग्रजीत! शिक्षक काय बोलतात तेच कळेना. शिक्षण सोडून गावी परतावं, इथपर्यंत मनाची तयारी झाली. तेव्हा एका शिक्षकांनी शब्दकोश वापरायला सांगितलं. झालं! शब्दकोश हाच त्याचा सोबती बनला. अडलेला शब्द शोधायचा, अर्थ लिहून ठेवायचा, असं करत करत इंग्रजीची भीती गेली.

इथवरची गोष्ट पुष्कळांची असते. सुनीलरावांनी पुढचं पाऊल टाकलं. आपल्यासारखी मुलं गावोगावी असणार, मग हा कोश संगणकावर का नको? ते स्वतःच प्रोग्रॅमिंग शिकले. आधी मराठी, मग एकेक करत बारा भारतीय भाषा, पुढे आणखीही. कोश संकेतस्थळावर आला, मोबाईलच्या ॲपमध्ये आला. मला सगळ्यात आवडते ती एसएमएसची युक्ती. तेव्हा खेड्यात साध्या फोनवर इंटरनेट कुठलं? पण शब्द एसएमएसने पाठवला, की अर्थ परत यायचा.

अशा नव्या उद्योगांना हल्ली स्टार्टअप म्हणतात. त्यांना पैसे देऊन बदल्यात वाटा घेणारा तो गुंतवणूकदार. उद्योग चालला तर पैसे अनेक पटींनी वाढतात, बुडाला तर गेले! म्हणून तो कल्पनेइतकाच माणूसही पारखून घेतो. स्वतःची कंपनी काढलेली माणसं पुढे असं काम करतात, कारण कुठे ठेच लागते ते त्यांना ठाऊक असतं. खांडबहाले यांनी नाशकात पैशांपेक्षा वेळ आणि अनुभव गुंतवला, असं म्हणू या.

ती संधी कुंभमेळ्याने दिली. २००३ च्या सिंहस्थात नाशकात चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविक दगावले होते. २०१५ चा मेळा जवळ येत होता. मूळचे नाशिकचेच असलेले अमेरिकेतील एमआयटीचे प्राध्यापक रमेश रासकर यांच्या पुढाकाराने २०१४ मध्ये 'कुंभथॉन' सुरू झालं. खांडबहाले त्यात आघाडीवर होते. मेळ्यातल्या अडचणी सांगा, त्यावर यंत्र किंवा ॲप बनवा, असं तरुणांना आवाहन होतं.

आलेल्यांत नीलय कुलकर्णी हा पंधरा वर्षांचा नाशिकचा मुलगाही होता. गर्दी मोजायची कशी, हा त्याच्या चमूचा प्रश्न. दाट गर्दीत कॅमेऱ्याला एका डोक्यामागचं दुसरं दिसत नाही. मग डोकी सोडा, पावलं मोजा! त्यांनी दाब ओळखणारी चटई बनवली. तिच्यावर पाय पडला की नोंद होते आणि कोणत्या वाटेवर किती माणसं चालली ते लगेच कळतं. नाव ठेवलं 'आशिओतो', म्हणजे जपानी भाषेत पावलांचा आवाज. मेळ्यात या चटईने अठरा तासांत पाच लाखांपर्यंत माणसं मोजली. २०१५ मध्ये नाशकात चेंगराचेंगरी झाली नाही. सगळं श्रेय चटईचं नव्हे हं, पोलिसांचा बंदोबस्तही होता. पण पंधरा वर्षांच्या मुलाचं म्हणणं कुणीतरी बसून ऐकून घेतलं, हे मला चटईइतकंच मोठं वाटतं.

कुंभथॉननंतर टीसीएसने नाशकात 'डिजिटल इम्पॅक्ट स्क्वेअर' हे केंद्र काढलं. तिथे तरुणांना विद्यावेतन देऊन अशा कल्पना करून पाहायला वाव मिळाला.

आता २०२७ चा सिंहस्थ आहे. ओझरच्या विमानतळावर, रेल्वे स्थानकावर, रामकुंडाकडे जाणाऱ्या गल्ल्यांत कुठे किती माणसं आली, ते पुन्हा मोजावं लागणार आहे.