संगणक छोटा हवा, पण दुरुस्ती किती वर्षे मिळणार?

प्रतिनिधी

टेबलाखाली मोठा डबा, त्यामागे तारांचे जंजाळ आणि पंख्याची अखंड घरघर, हे घरगुती संगणकाचे चित्र आता पालटले आहे. जाडजूड पुस्तकाएवढे, प्रसंगी मॉनिटरच्या पाठीमागे अडकवता येणारे छोटे संगणक बाजारात आले आहेत. दोन खोल्यांच्या घरात ही सोय मोठीच. मात्र असा संगणक विकत घेताना किंवा सुटे भाग आणून जुळवताना ग्राहक किंमत, मेमरी आणि आकार एवढेच पाहतो. त्यातील प्रोसेसरमध्ये सुरक्षेच्या कोणत्या त्रुटी आहेत आणि त्यांची दुरुस्ती किती वर्षे मिळत राहील, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. बँकेचे व्यवहार आणि घरातील सर्वांचे पासवर्ड याच संगणकात असतात, म्हणून तो विचारायला हवा.

दोष नेमका कुठे?

'मेल्टडाउन' आणि 'स्पेक्टर' या दोन त्रुटी ३ जानेवारी २०१८ रोजी जगासमोर आल्या. गुगलच्या 'प्रोजेक्ट झीरो' गटातील यान हॉर्न, ऑस्ट्रियातील ग्राझ येथील तंत्रविद्यापीठातील संशोधक आणि अन्य काही तज्ज्ञांनी त्या स्वतंत्रपणे शोधल्या होत्या. हा व्हायरस नव्हता. दोष प्रोसेसरच्या रचनेतच होता. 'मेल्टडाउन'चा फटका मुख्यतः इंटेलच्या प्रोसेसरना बसला. 'स्पेक्टर'च्या तडाख्यातून मात्र इंटेल, एएमडी आणि एआरएम यांपैकी कोणीच सुटले नाही.

याचे मूळ वेगाच्या हव्यासात आहे. पुढे कोणती आज्ञा येईल याचा अंदाज बांधून आधुनिक प्रोसेसर ते काम आधीच करून ठेवतो. अंदाज चुकला तर केलेले काम रद्द करतो. गजबजलेल्या उपाहारगृहाचे उदाहरण घेऊ. नेहमीचे गिऱ्हाईक दारात दिसताच आचारी त्याच्यासाठी मिसळ गरम करायला घेतो. गिऱ्हाईकाने वेगळेच काही मागितले, तर मिसळ बाजूला सरकवली जाते. बिलात तिची नोंद राहत नाही. पण ती गरमच असते. शेजारच्या टेबलावरील त्रयस्थाने एकेक पदार्थ मागवून पाहिला आणि मिसळ तेवढी क्षणात पुढ्यात आली, तर आधी काय तयार झाले होते हे त्याला न विचारताच कळते. प्रोसेसरमध्येही रद्द झालेल्या कामाच्या खुणा 'कॅश' या वेगवान मेमरीत उरतात. माहिती किती लवकर हाती येते हे मोजून दुसऱ्या प्रोग्रॅमचे गुपित ओळखता येते.

यादी वाढतीच

दोष सिलिकॉनमध्ये असल्याने तो पूर्णपणे पुसता येत नाही. त्याला वळसा घालावा लागतो. त्यासाठी ऑपरेटिंग सिस्टीम, ब्राउझर आणि प्रोसेसरच्या आतील 'मायक्रोकोड' या तिन्ही पातळ्यांवर बदल करावे लागले. पहिला प्रयत्न फसलाही. इंटेलच्या नव्या मायक्रोकोडमुळे काही संगणक आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होऊ लागले, तेव्हा २२ जानेवारी २०१८ रोजी कंपनीला तो वापरणे थांबवा, असे सांगावे लागले.

त्यानंतर २०१९ मध्ये 'झोम्बीलोड', २०२२ मध्ये 'रेटब्लीड', तर २०२३ मध्ये एएमडीच्या झेन-२ मालिकेतील 'झेनब्लीड' आणि इंटेलच्या सहाव्या ते अकराव्या पिढीतील 'डाउनफॉल' अशा त्रुटी उघड झाल्या. स्वस्त मिनी पीसीमध्ये सर्रास आढळणारा इंटेलचा एन-१०० हा चारच कोअरचा, कमी वीज खाणारा प्रोसेसर २०२३ चा. मार्च २०२४ मध्ये जाहीर झालेल्या एका त्रुटीच्या यादीत त्याच्या कोअरचाही समावेश होता. थोडक्यात, नवा प्रोसेसर म्हणजे निर्दोष प्रोसेसर नव्हे. दुरुस्ती येते का आणि ती आपल्यापर्यंत पोहोचते का, हाच खरा निकष.

छोट्या संगणकाची अडचण

मायक्रोकोड प्रत्येक वेळी संगणक सुरू होताना नव्याने भरला जातो. तो एक तर मदरबोर्डच्या 'बायोस'मधून येतो किंवा ऑपरेटिंग सिस्टीमकडून. बायोस देण्याची जबाबदारी संगणक वा मदरबोर्ड बनवणाऱ्या कंपनीची असते. अनोळखी नावाच्या मिनी पीसीचे उत्पादक एकदा माल विकला की नवा बायोस काढतीलच, असे नाही. शिवाय अशा संगणकात प्रोसेसर बोर्डावरच डाग देऊन बसवलेला असतो. तो बदलता येत नाही.

दुसरा मार्ग सुटे भाग जुळवण्याचा. मिनी-आयटीएक्स प्रकारचा मदरबोर्ड अवघा १७ सेंटिमीटर लांब आणि तेवढाच रुंद असतो. त्यावर प्रोसेसर सॉकेटमध्ये बसतो, म्हणजे पुढे बदलता येतो. एएमडीच्या एएम-४ सॉकेटवर २०१७ च्या पहिल्या रायझनपासून २०२० च्या ५००० मालिकेपर्यंतचे प्रोसेसर आले. अर्थात बोर्डाचा बायोस नव्या प्रोसेसरला ओळखणारा हवा. खर्च आणि आकार थोडा वाढतो. कॅबिनेट आधी निवडून मगच त्यात मावेल एवढ्या उंचीचा कूलर आणि त्या मापाचा पॉवर सप्लाय घ्यावा लागतो. पण संगणकाचे आयुष्य त्यामुळे वाढते.

जुना घ्यावा का?

कार्यालयांतून निवृत्त झालेले लहान संगणक बाजारात कमी किमतीत मिळतात. त्यांत इंटेलच्या सहाव्या-सातव्या पिढीचे प्रोसेसर असतील, तर काही अपवाद वगळता ते विंडोज ११ च्या अधिकृत यादीत बसत नाहीत. विंडोज १० चे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आहे. त्याहून जुन्या काही इंटेल प्रोसेसरसाठी तर 'स्पेक्टर'वरील मायक्रोकोड देणार नाही, असे कंपनीने एप्रिल २०१८ मध्येच स्पष्ट केले होते. असा संगणक घ्यायचाच असेल, तर त्यावर अद्ययावत लिनक्स टाकणे हा शहाणपणाचा पर्याय ठरतो.

खरेदीपूर्वी एवढे पाहा

- प्रोसेसरचे पूर्ण नाव आणि पिढी विक्रेत्याकडून लिहून घ्या. 'आय-५' एवढे सांगणे पुरेसे नाही.

- उत्पादकाच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलचा शेवटचा बायोस कधी आला, ते पाहा. दोन-तीन वर्षांत काहीच आले नसेल, तर सावध व्हा.

- बायोस बदलताना वीज गेल्यास बोर्ड निकामी होऊ शकतो. त्यामुळे ते काम यूपीएस जोडूनच करा.

- ब्राउझर अद्ययावत ठेवा. 'स्पेक्टर' वेब पानावरील जावास्क्रिप्टमधूनही साधता येतो, हे संशोधकांनी दाखवून दिले आहे. म्हणूनच क्रोमने २०१८ मध्ये प्रत्येक संकेतस्थळ वेगळ्या प्रक्रियेत चालवण्यास सुरुवात केली.

घाबरून जाण्याचे मात्र कारण नाही. हे हल्ले किचकट असतात. अनेकांची माहिती एकाच यंत्रावर ठेवणाऱ्या क्लाउड कंपन्यांना त्यांची चिंता अधिक. घरातील माणसाला फसव्या ई-मेलचा आणि सोप्या पासवर्डचा धोका आजही मोठा आहे. पण ती चूक आपल्या हाताने सुधारता येते. प्रोसेसरमधील दोष आपल्याला दुरुस्त करता येत नाही; त्यासाठी कंपनीवरच विसंबावे लागते. म्हणून संगणक किती लहान आहे यासोबतच त्यामागे कोण आणि किती काळ उभे राहणार आहे, हेही पैसे मोजण्यापूर्वी विचारावे.