भाजीच्या भावाची वही

महागाई वाढली, असे आपण रोज म्हणतो. किती वाढली, असे कोणी विचारले की मात्र गप्प होतो. ज्या घरात पगाराबरोबर महागाई भत्ता येतो तिथे हे चालून जाते; त्यांच्यासाठी भाव टिपण्याचे काम सरकार करते. धुणीभांडी करणाऱ्या, बिगारीवर जाणाऱ्या आपल्या माता-भगिनींना भत्ता नाही. त्यांना पगारवाढ तोंडाने मागावी लागते, आणि मागताना हातात आकडा नसतो.

सरकारी पद्धत समजून घेण्यासारखी आहे. केंद्राचा लेबर ब्युरो औद्योगिक कामगारांचा ग्राहक मूल्य निर्देशांक काढतो. ठरलेल्या शहरांत, ठरलेल्या बाजारांत, ठरलेल्या दुकानांतून किरकोळ भाव लिहून घेतले जातात. 2016 हे पायाभूत वर्ष धरलेल्या मालिकेत अशी 88 केंद्रे आहेत. या कामाची मुळे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आहेत. बाबासाहेब 1942 ते 1946 या काळात मजूरमंत्री होते, तेव्हाच कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाच्या पाहण्या झाल्या. ऑक्टोबर 1946 मध्ये लेबर ब्युरो स्थापन झाला.

सरकारी आकडाही तपासून घ्यावा लागतो. मुंबईचा निर्देशांक खरी महागाई दाखवीत नाही, अशी तक्रार कामगार संघटनांनी केली. तेव्हा 1963 साली प्रा. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली आणि त्रुटी मान्य कराव्या लागल्या. कामगारांनी तक्रार केली नसती तर हे झाले नसते.

आता वर्तमानपत्रातील टक्केवारी पाहा. जुलै 2023 मध्ये देशभरात भाजीपाल्याची वार्षिक महागाई 37 टक्क्यांच्या वर होती. जुलै 2024 मध्ये ती 7 टक्क्यांच्या आत आली. 'दिलासा' असे मथळे अशाच वेळी येतात. पण वाढ कमी झाली म्हणजे भाव उतरले असे नव्हे. जुलै 2022 मध्ये 100 रुपयांना येणारी भाजी 2023 मध्ये सुमारे 137 ची आणि 2024 मध्ये सुमारे 147 ची झाली. दोन वर्षे पगार तेवढाच असलेल्या बाईला यात कसला दिलासा?

म्हणून घरात एक वही असावी. बऱ्याच भगिनी खर्च लिहितात, ते चांगलेच. पण खर्चाची वही वेगळी आणि भावाची वही वेगळी. भाजी महागली की आपण अर्ध्या किलोऐवजी पाव किलो घेतो. खर्चाच्या वहीत दर आठवड्याला दोनशेच रुपये दिसतात, पिशवी मात्र हलकी होत जाते. महागाई पोटात जाते, कागदावर येत नाही.

यासाठी एक पिशवी कायमची ठरवावी. समजा, दोन किलो कांदे, एक किलो बटाटे, एक किलो टोमॅटो, अर्धा किलो वांगी, पाव किलो मिरची, दोन जुड्या मेथी. दर आठवड्याला एकाच वारी, एकाच बाजारात, शक्यतो एकाच वेळी त्यांचे भाव लिहावेत. सकाळचा भाव आणि दिवे लागल्यावरचा भाव एक नसतो. त्या दिवशी टोमॅटो घेतले नाहीत तरी भाव लिहायचाच. पाव किलोचा भाव विचारला असेल तर तसेच लिहावे. पावाच्या चौपट किलोच्या भावापेक्षा पुष्कळदा जास्त भरते. छोटी खरेदी करणाराच महाग खातो, हे इथे उघडे पडते. जुडीचे आणि वाट्याचे अवघड आहे. भाव दहाचा दहाच राहतो आणि जुडी बारीक होते. महिन्यातून एकदा ती वाण्याकडे वजन करून घ्यावी. बाजार समितीचे दर या वहीत लिहू नयेत. ते घाऊक असतात, आपण त्या भावाने घेत नाही.

पावसाळ्यात भाजी चढते, थंडीत उतरते. त्यामुळे जूनची तुलना जानेवारीशी करू नये. यंदाचा जून मागच्या जूनशी ताडून पाहावा. म्हणजे वही निदान वर्षभर चालली पाहिजे. शाळेतल्या मुलीकडे हे काम द्यावे, तिचे गणितही पक्के होईल. एका गल्लीतल्या चार-पाच घरांनी मिळून वही ठेवली तर एकीचे चुकले ते दुसरीच्या वहीत सापडते. आणि दिवाळीआधी कामाच्या घरी पगाराची गोष्ट काढताना सगळ्यांनी एकच आकडा सांगावा.